परत त्याच वाटेने यावे

“हो हो, अगदी आनंदाने! अहो, मी स्वतःच येतो ना बरोबर. पुढे राहीन मी, तुम्ही नुसतं मागे यायचं!” एवढे बोलून घाटवीरांनी फोन ठेवला आणि ते जवळच्या खुर्चीत बसले. खुर्चीत नववीच्या विज्ञानाच्या एक्केचाळीस उत्तरपत्रिका होत्या.

“उठा,” त्यांची बायको म्हणाली. “‘ब’ तुकडी आहे ती.”

घाटवीर उठले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून बायकोने हातातले लाल पेन खाली ठेवले.

“कोण होतं?”

“प्रकाशक. शहरातलं एक सायकल मंडळ येतंय रविवारी. अकरा जण. सगळ्यांनी पुस्तक वाचलंय म्हणे. चौथी वाट करायचीय त्यांना. माझ्याबरोबर.”

“छान.”

“प्रकाशकही येणारेत. मंडळाला वाट आवडली तर दुसरी आवृत्ती काढू म्हणतात. जाड पुठ्ठ्याची. वर माझा फोटो.”

“मग छानच.”

“अगं, छान काय! ते लोक खालच्या विश्रामगृहात उतरणारेत. खालच्या!”

बायकोने शांतपणे विचारले, “म्हणजे चढून जायचं?”

हे दोन-तीन शब्द त्या घरात सहा वर्षांत कोणी उच्चारले नव्हते.

घाटवीर हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. उताराला पाणी सोडायला पंप लागत नाही, हे तत्त्व ते तिथे शिकले होते. सहा वर्षांपूर्वी खिंडीतल्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या मेहुण्याने त्यांना आपली विकत घेऊन तशीच पडून राहिलेली सायकल देऊ केली. ती गाडीत मावेना, तेव्हा घाटवीर तिच्यावर बसून खाली आले. बारा किलोमीटर, सत्तावीस वळणे, दुतर्फा दाट जंगल, आणि एकदाही पॅडल मारावे लागले नाही. खाली पोचेपर्यंत त्यांच्यातला लेखक जागा झाला होता. गावातल्या साप्ताहिकात त्यांनी सहाशे शब्द लिहिले, संपादकाने त्याला ‘घाटवीराची डायरी’ असे शीर्षक दिले, आणि सोमवारी कार्यालयातला शिपाईसुद्धा त्यांना घाटवीर म्हणू लागला.

मग दर रविवारी सकाळी सायकल गाडीच्या टपावर चढू लागली. गाडी बायको चालवी. ती शाळेत विज्ञान शिकवत असे आणि सगळे गाव तिला नुसते ‘बाई’ म्हणे. वर जाताना घाटवीर मागच्या सीटवर झोप काढत, कारण उतारासाठी डोके ताजे हवे. खिंडीत बाई त्यांना उठवत. ते हेल्मेट चढवून निघत आणि बाई गाडी घेऊन मागोमाग येत. आसपासच्या डोंगरांत असे दहा घाट होते. दहाही घाट अशा रीतीने एकाच बाजूने सर झाल्यावर त्यांचे ‘दहा सोप्या सायकलवाटा’ हे पुस्तक निघाले.

पुस्तकात खोटे म्हणावे असे एकही वाक्य नव्हते. प्रत्येक प्रकरण ‘खिंडीतून निघावे’ असे सुरू होई. खिंडीत कसे पोचावे ते लिहिलेले नव्हते. पण न लिहिणे म्हणजे काही खोटे लिहिणे नव्हे. चौथ्या वाटेखाली चौकटीत दिले होते: अंतर बारा किलोमीटर, वेळ अर्धा तास, श्रम नाममात्र. छपाईच्या आधी प्रकाशकाने विचारले, “वाचकाने परत कसं यायचं?” तेव्हा घाटवीरांनी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ जोडली: परत त्याच वाटेने यावे. चौथ्या वाटेच्या बाबतीत ह्या चार शब्दांमध्ये आठशे चाळीस मीटरचा चढ होता.

एका निवृत्त पोस्टमास्तरांनी पत्र लिहून कळवले होते की त्यांना परतीला अडीच तास लागले आणि शेवटचे तीन किलोमीटर त्यांनी सायकल हातात धरून काढले. घाटवीरांनी साप्ताहिकात जाहीर उत्तर दिले: ‘निराश होऊ नका. सराव ठेवा. श्वासावर लक्ष द्या.’

आता श्वासावर लक्ष द्यायची पाळी त्यांची होती.

शुक्रवारी त्यांनी मंडळाच्या अध्यक्षाबाईंना फोन लावला.

“मी काय म्हणतो, ही वाट मुळात वरून खाली अशी आहे. तिचं सौंदर्य त्या दिशेने उलगडतं.”

“हो, वाचलं की आम्ही,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. “पण तुम्हीच लिहिलंय ना, परत त्याच वाटेने यावे? आम्ही फक्त क्रम बदलतोय. आधी परत येऊ, मग जाऊ.”

“तसं नाही, पण सायकली एखाद्या टेम्पोतून वर नेल्या तर—”

पलीकडून मनापासून हसल्याचा आवाज आला. “टेम्पोतून वर आणि सायकलवरून खाली? तुम्ही पण ना! आमच्या मंडळात एक गृहस्थ होते तसले. नाव कमी केलं त्यांचं.”

“बरोबर केलंत,” घाटवीर म्हणाले. “असल्या लोकांमुळेच सायकल बदनाम होते.”

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःच्याच वाक्याचा घाम फुटला.

शनिवारी ते सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचे दुकान शाळेसमोर होते आणि तो स्वतः बाईंच्या हातचा दोनदा नापास होता. त्यामुळे त्या घराबद्दल त्याला आदर होता.

“बघ रे,” घाटवीर म्हणाले, “काहीतरी मोठं बिघडलंय. चार-पाच दिवस ठेवून घे. सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल असं वाटतंय.”

मिस्त्रीने सायकल उलटी टांगली, चाक फिरवले, साखळीवरून बोट फिरवले आणि मान हलवली.

“साहेब, हिला काही झालेलं नाही. एक गोष्ट मात्र मला सहा वर्षं कळत नाहीये. तुम्ही दर दोन महिन्यांनी ब्रेकची रबरं बदलायला येता. संपूर्ण झिजलेली. आणि साखळी बघा, नवरीसारखी! मागची ही सगळ्यात मोठी दातेरी चकती आहे ना, चढाला लागते ती, तिच्यावर अजून कारखान्यातलं ग्रीस आहे.”

“मी जपून वापरतो.”

“साखळी जपून आणि ब्रेक बेफिकीर?”

“पंक्चर तरी असेल बघ.”

“नाहीये. आणि रस्त्यात झालंच तर मी आहे ना! अध्यक्षाबाईंनी मला बोलावलंय उद्या, सोबत हत्यारं घेऊन. चार मिनिटांत काढून देतो.” मिस्त्रीचे डोळे चमकले. “साहेब, ही साखळी ताणलेली बघायचीय मला एकदा.”

संध्याकाळी घाटवीर स्वयंपाकघरात आले. बाई भाजी निवडत होत्या. घाटवीरांनीही चार शेंगा हातात घेतल्या. हे दृश्य त्या घरात इतके दुर्मीळ होते की बाईंनी विचारले, “काय हवंय?”

“काही नाही गं. तू उद्या गाडी घेऊन मागे ये. मी तिसऱ्या वळणावर थांबलो की तू हॉर्न वाजव आणि सांग, कार्यालयातून फोन आला, मोठा पाइप फुटलाय, ताबडतोब बोलावलंय.”

“रविवारी?”

“पाइपाला वार कळतो का?”

“खोटं मी बोलणार नाही. गाडी आणेन.” बाईंनी एक शेंग मोडून आत कीड आहे का ते पाहिले. “तुमच्या पुस्तकात शेवटी आभार आहेत. एकतीस नावं. मी मोजली.”

“हो, कुणी राहू नये म्हणून—”

“एकतिसावं कुत्र्याचं आहे.”

“तो तपकिरी? आठव्या किलोमीटरच्या दगडापाशी झोपतो तो? अगं, किती गोड आहे तो!”

“हो. त्याला सहा वर्षं बिस्किटं मी घालते.”

घाटवीरांच्या हातातली शेंग मोडायची राहिली. “अगं, घरच्या माणसाचे आभार काय मानायचे! परकेपणा वाटतो.”

“कुत्र्याला नाही वाटला,” बाई म्हणाल्या आणि चाळणी घेऊन उठल्या.

रविवारी सकाळी सात वाजता विश्रामगृहाच्या आवारात मंडळाच्या अकरा सायकली उभ्या होत्या आणि कडेला मिस्त्रीची. अध्यक्षाबाई साठीच्या, सडपातळ, उन्हाने रापलेल्या. बाकीचे दहा जण घाटवीरांकडे देवळात बघावे तसे बघत होते. प्रकाशकाला कोणीतरी आपली सायकल देऊ केली, तेव्हा तो म्हणाला, “मी पुस्तकं छापतो, चालवत नाही,” आणि सरळ बाईंच्या गाडीत पुढे जाऊन बसला.

घाटवीरांनी शेवटचा उपाय काढला. ते दोन पावले लंगडले.

“काय झालं?” अध्यक्षाबाईंनी विचारले.

“गुडघा. जुनं दुखणं. घाटांनी दिलेली देणगी म्हणा. तुम्ही व्हा पुढे, मी मनाने तुमच्याबरोबर—”

“बसा इथे. हाडांचीच डॉक्टर आहे मी.”

त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, आत-बाहेर फिरवला आणि त्याला कान लावतात की काय असे वाटावे इतक्या जवळून पाहिला. भोवती दहा जण जमले.

“अहो, पंचविशीतला गुडघा आहे हा!” अध्यक्षाबाई कौतुकाने म्हणाल्या. “वापरलाच नाहीत की काय?”

सगळे हसले. मिस्त्री जरा जास्त वेळ हसला.

पहिला किलोमीटर जवळजवळ सपाट होता आणि तो घाटवीरांच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम किलोमीटर ठरला. एका हाताने हँडल धरून ते दुसऱ्या हाताने झाडे दाखवत होते. मग पहिले वळण आले आणि दुसरा हातही हँडलवर गेला. दुसऱ्या वळणावर बोलणे थांबले. तिसऱ्यापाशी ते खाली उतरले, हात पसरला आणि धापा टाकत म्हणाले, “इथे... थांबायचंच. हा देखावा... पान सत्तेचाळीसवर आहे.”

सगळ्यांनी देखावा पाहिला. समोर सिमेंटची संरक्षक भिंत होती आणि तिच्यावर कोणीतरी चुन्याने ‘गाय हरवली’ असे लिहून बाण काढला होता. उतरताना ह्या वळणावर समोर सगळी दरी उघडते. चढताना समोर भिंत येते. घाटवीरांनी ती भिंत आजच पाहिली.

“देखावा मागे आहे,” मंडळातल्या एकाने वळून पाहत म्हटले.

“हो, मागे वळून बघायचा असतो तो,” घाटवीर म्हणाले. “म्हणूनच... थांबायचं.”

“पुढे पाणी कुठे मिळेल?” अध्यक्षाबाईंनी विचारले.

“वर.”

“किती वर?”

“बरंच.”

“आणि सगळ्यात कठीण टप्पा?”

घाटवीरांच्या मते सगळ्यात कठीण टप्पा विसाव्या वळणाचा होता, कारण तिथे ब्रेक तापत. पण तसे सांगण्याची सोय नव्हती. “शेवटचा,” ते अंदाजाने म्हणाले.

बाईंची गाडी तेवढ्यात शेजारी येऊन थांबली होती. काच खाली झाली. “हा पुढचाच,” बाई म्हणाल्या. “पाचव्या वळणापासून साडेचारशे मीटर. तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी लागते. त्यानंतर नवव्यापर्यंत बरं आहे.”

घाटवीरांनी डोळ्यांनी खुणा केल्या, भुवया उडवल्या, हेल्मेटला हात लावला. पाइपाचा उल्लेख झाला नाही. काच वर गेली.

पाचव्या वळणानंतर घाटवीरांनी एक कठोर निर्णय घेतला. सहा वर्षांत प्रथमच त्यांनी गिअरचा खटका अगदी शेवटपर्यंत ओढला. साखळी आयुष्यात पहिल्यांदा त्या मोठ्या चकतीवर चढली, ग्रीसमध्ये घसरली, कडकड आवाज करून अडकली आणि पॅडल जागच्या जागी थिजले. सायकल थांबली. घाटवीर क्षणभर तिच्यावर तसेच, स्मारकावरच्या पुतळ्यासारखे स्थिर राहिले. मग दोघेही सावकाश डाव्या बाजूला कलले आणि गटारातल्या वाळक्या पानांत आडवे झाले.

“लागलं का?” दहा-बारा आवाज एकदम आले.

“नाही. पण साखळी... सायकलनेच दगा दिला. मन तयार आहे हो माझं!”

“चार मिनिटं,” मिस्त्री पिशवी उघडत म्हणाला.

“नको, नको!” घाटवीर घाईने उठले. “तुमचा सगळ्यांचा वेळ का घालवायचा? मी गाडीतून येतो.”

आणि इथे त्यांच्या हातांनी घात केला. डोके अजून सबब जुळवत होते, पण हात मोकळे होते. त्यांनी सायकल उचलली, पुढचे चाक एका झटक्यात काढले, सायकल टपावरच्या कॅरिअरच्या खाचेत बसवली, दोन पट्टे आवळले, तिसरा पायाने रेटून ओढला, सुटे चाक मागच्या सीटमागे सरकवले, दार उघडले, आत शिरले आणि खिडकीशी डोके टेकले.



मिस्त्रीने मनगटावरचे घड्याळ पाहिले. “चाळीस सेकंद,” तो म्हणाला. मग एकदा टपाकडे, एकदा ब्रेककडे, एकदा त्या नव्याकोऱ्या साखळीकडे बघून तो हळूच म्हणाला, “हां. आता कळलं.”

मंडळातून नाव कमी करताना चेहरा जसा होत असेल, तसा अध्यक्षाबाईंचा झाला होता. दुसरी आवृत्ती त्या गटारातल्या पानांतच राहिली, हे घाटवीरांना डोळे मिटूनही दिसले.

“तर मग आता पुढे कोण राहणार?” मंडळातल्या एकाने विचारले. “रस्ता कुणाला माहितीये?”

तेव्हा गाडीतून प्रकाशकाचा आवाज आला. “वहिनी, हे काय आहे?”

पायाशी सापडलेली एक जाड वही त्याने उघडली होती. उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या शिवून केलेली. दहा घाट, एकेका घाटाला आठ-दहा पाने. प्रत्येक वळणापुढे अंतर, गाडीचा गिअर, सावली कोणत्या बाजूला, वारा कुठून, रस्ता कुठे खचला, पाणी कुठे.

“काही नाही हो,” बाई म्हणाल्या. “आमच्या गाडीचं इंजिन चढाला तापतं. कुठे तापतं ते लिहायला लागले. शेजारी बोलायला कोणी नसतं, मग बाकीचंही लिहीत गेले.”

“अकराव्या वळणावर डाव्या हाताला झरा,” प्रकाशकाने मोठ्याने वाचले. “भिंतीमागे आहे, खालून दिसत नाही. पाणी चांगले, शाळेच्या प्रयोगशाळेत तपासले.” त्याने मान वर केली. “तपासलंत?”

“न तपासता कसं लिहायचं?”

अध्यक्षाबाईंनी खिडकीतून वही घेतली आणि उभ्या उभ्या चार पाने वाचली. मग त्या एवढेच म्हणाल्या, “बाई, तुम्ही व्हा पुढे.”

त्यानंतर बाईंची गाडी पुढे आणि सगळ्या सायकली मागे अशी मिरवणूक घाट चढली. अवघड जागा येण्याआधी बाई हात बाहेर काढून बोटांनी गिअर दाखवत. झऱ्यापाशी सगळ्यांनी बाटल्या भरल्या. आठव्या किलोमीटरच्या दगडापाशी तपकिरी कुत्रा गाडीचा आवाज ओळखून उठून उभा राहिला. घाटवीरांनी ह्यातले काही पाहिले नाही. नवव्या वळणालाच त्यांना सवयीने झोप लागली होती.

खिंडीत बाईंनी त्यांना नेहमीप्रमाणे उठवले. खाली उतरल्यावर थंड वाऱ्याने त्यांना जरा हुशारी आली. आता उतार होता! उतारात त्यांचा हात धरणारा ह्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांनी टपावरचे पट्टे सोडले, चाक बसवले, मिस्त्रीने साखळी जागेवर आणली.

“आता बघा,” ते अध्यक्षाबाईंना म्हणाले. “आता खरी वाट सुरू होते.”

“हेल्मेट द्या,” बाई म्हणाल्या.

“कुणाला?”

“मला. सहा वर्षं झाली, मी अजून ही वाट उतरताना कशी दिसते ते पाहिलेलं नाही. गाडीतून सगळं लक्ष तुमच्या मागच्या चाकावर असतं.” त्यांनी पदर खोचला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “तुम्ही गाडी आणा. पंधराव्या वळणाला दुसरा गिअर ठेवा.”

बाई निघाल्या, त्यांच्यामागे अकरा जण आणि मिस्त्री निघाले. घाटवीरांनी गाडी खाली आणली. प्रकाशक शेजारी बसून वही वाचत होता आणि मधूनमधून फक्त “वा!” म्हणत होता. घाटवीरांना पहिल्या दोन ‘वा’नंतर कळले की ते आपल्यासाठी नाहीत.

पुस्तक चार महिन्यांनी आले. जाड पुठ्ठ्याचे. नाव होते ‘दहा घाट, पायथ्यापासून’, खाली बाईंचे नाव आणि मुखपृष्ठावर वळणाचा फोटो, माणूस नसलेला. घाटवीरांनी अधीरपणे पाने उलटली. आपला भाग कुठे दिसेना. मग चौथे प्रकरण संपले तिथे त्यांना तो सापडला. अगदी शेवटी, जशीच्या तशी त्यांची ओळ ठेवली होती: परत त्याच वाटेने यावे. दहाही प्रकरणांच्या शेवटी ती होती, आणि आता ती अक्षरशः खरी होती.

मग त्यांनी आभाराचे पान काढले. अध्यक्षाबाई होत्या, मिस्त्री होता, निवृत्त पोस्टमास्तर होते. शेवटून दुसरा तपकिरी कुत्रा होता. त्याच्याखाली लिहिले होते: ‘आणि टपावर सायकल चाळीस सेकंदांत बांधून देणारे आमचे हे.’

घाटवीरांनी त्या ओळीवरचे बोट एक ओळ वर, कुत्र्यापर्यंत नेले.

“अगं,” ते म्हणाले, “आभार मानलेस ते ठीक. पण कुत्रा माझ्या वर?”

बाई सहामाहीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“क्रम उंचीनुसार लावलाय,” त्या म्हणाल्या. “तो आठव्या किलोमीटरला असतो. तुम्ही तिसऱ्याच्या आत पडलात.”